हट्टी नव्हे, अडलेलं लेकरू

माळेगावच्या यात्रेत हलगी घुमू लागली की बहुतेक लेकरं तिकडं धाव घेतात. एखादं मात्र कानांवर हात दाबून किंचाळतं. घरीही त्याला सदऱ्याची शिवण टोचते, भाकरीला कालवण लागलं की ते ताट सारतं, हाक मारली तर वळून बघत नाही. लोक म्हणतात, लाडानं बिघडलं. आणि बोल लागतो आईला.

मंडळी, हा दोष लाडाचा नव्हे आणि आईचाही नव्हे. कान, डोळे, कातडी जी खबर आणतात, ती मेंदू लावून घेतो. काही लेकरांना ती फार मोठी होऊन पोचते, काहींना फार क्षीण. आपल्याला सोसतो तो आवाज त्यांना सोसत नाही. तिथं मारलं, तर त्रास तसाच राहतो आणि वर भय वाढतं.

मग करावं काय? आधी आठ दिवस नीट पाहावं : कशानं बिथरतं, कशानं शांत होतं. मळणीयंत्र सुरू होणार असेल तर आधी सांगून लेकराला लांब न्यावं. न्हाणं, जेवण, झोप रोज एकाच क्रमानं असावी. नवा पदार्थ ताटाच्या कडेला चिमूटभर ठेवावा, बळजबरी नको. बोलताना त्याच्यासमोर बसून दोन-तीनच शब्द बोलावेत. चेंडू ढकलावा, ‘आता तू, आता मी’ म्हणावं. पाळी धरणं त्यातूनच येतं. खेळायला आधी एकच सवंगडी बोलवावा, सारी गल्ली नको.

गुरुजींनी अशा मुलाला घंटेपासून दूर, एका कडेला बसवावं आणि सोबत एक समजूतदार मूल द्यावं.

अशा प्रत्येक लेकराला स्वमग्नता असतेच असं नाही. कधी ऐकूच कमी येतं. म्हणून आधी कान तपासावेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर शाळेत एकदा तपासणीला येतं. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. जे पाहिलं ते पथकाला सांगा. पुढच्या उपचाराची वाट तिथून कळते. स्वमग्नता निघालीच, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे आणि शाळेत बसण्याचा त्या लेकराचा हक्क कायम आहे.

खंडोबाला नवस बोलला असेल तर तो जरूर फेडा. पण तपासणी पुढच्या यात्रेवर ढकलू नका. लहान वयात मिळालेली मदत लेकराला अधिक उपयोगी पडते.