एक सिनेमा, दोन प्रेक्षागृहं

आंग ली यांचा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ २००० साली आला. छिंग राजवटीच्या काळात घडणारी ही प्रेमकथा अमेरिकेत तब्बल १२.८ कोटी डॉलर कमावून गेली. परभाषेतल्या कुठल्याही चित्रपटाला तिथे एवढं यश मिळालं नव्हतं. पुढच्या वर्षी चार ऑस्करही आली. आणि खुद्द चीनमध्ये? प्रतिसाद बराच थंड. लोक म्हणाले, संथ आहे, आणि हे बोलतात काय असे!

ही दुसरी तक्रार मला फार मजेची वाटते. नायक चाउ युन-फॅट हाँगकाँगचा, कँटोनीज बोलणारा. नायिका मिशेल यो मलेशियातल्या इपोहची. तिला मँडरिन येतच नव्हती, संवाद तिने नुसत्या उच्चारांवरून पाठ केले होते. वाळवंटातला दरोडेखोर झालेला चांग चेन तैवानचा. अस्सल बीजिंगची म्हणावी अशी एकटी झांग झीयी. आता कल्पना करा, पेशवाईवरचं नाटक रंगलंय, सरदार वऱ्हाडी हेलात बोलतोय, त्याची प्रेयसी मालवणी सुरात उत्तर देतेय. अभिनय कितीही उत्तम असो, पुण्याचं प्रेक्षागृह खुसखुसणारच.

त्यात ही गोष्ट अशी की सगळा भार बोलण्यावर, खरं तर न बोलण्यावर. नायक ली मू बाय आणि नायिका यू शू लिएन यांचं एकमेकांवर प्रेम आहे. पण तिचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं तो ली मू बायचा मानलेला भाऊ, आणि तो मारला गेलाय. त्याच्या स्मृतीचा मान म्हणून दोघं वर्षानुवर्षं गप्प. अशा प्रसंगात एखादं वाक्य तोलूनमापून उच्चारलं जातं, आणि नेमका तिथेच उच्चार घसरला की मँडरिन कानाचा प्रेक्षक काळजाऐवजी जिभेकडे लक्ष देऊ लागतो. अमेरिकन प्रेक्षक सबटायटल्स वाचत होता. त्याच्यापर्यंत हे हेल पोचलेच नाहीत. त्याला दिसले ते फक्त दोन थोर नट.

डोळ्यांचा हिशोब मात्र उलटा. माणसं कौलांवरून धावतात, बांबूच्या शेंड्यांवर तोल सांभाळत लढतात, हे पाहून न्यूयॉर्कमध्ये लोकांचा श्वास अडकला. चीनमध्ये ज्यांनी तलवारबाजांचे चित्रपट पाहत लहानपण काढलं, त्यांच्यासाठी हवेत उडणं म्हणजे आपल्याकडे नायकाने गाणं म्हणण्याइतकं नित्याचं. त्यांची तक्रार वेगळीच होती: पहिल्या मारामारीला इतका उशीर का?

पण जुन्या जाणत्यांना या चित्रपटात जे सापडलं, ते न्यूयॉर्कला क्वचितच सापडलं असेल. खलनायिका जेड फॉक्स झालेली चेंग पेई-पेई १९६६ च्या ‘कम ड्रिंक विथ मी’ची तलवारधारी नायिका होती. तो चित्रपट दिग्दर्शक किंग हू यांचा, आणि बांबूच्या वनातली लढत म्हणजे त्यांच्याच ‘अ टच ऑफ झेन’ला केलेला नमस्कार. अर्थात चिनी भाषिक जगाने ‘क्राउचिंग टायगर’ला सरसकट नाकारलं असंही नाही. हाँगकाँग आणि तैवान, दोन्हीकडे तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. नाराजीचा सूर लागला तो मुख्यतः मुख्यभूमीवर.

एका वादात मात्र सगळे एकत्र येतात. शेवटी झांग झीयीने रंगवलेली तरुण जेन वुडांग पर्वतावरच्या पुलावरून दरीत उडी घेते. कुणाला हे प्रायश्चित्त वाटतं, कुणाला सुटका. ती मेली की नाही, यावर आजही भांडणं होतात. हा चित्रपट ज्या कादंबरीवर बेतलाय, ती वांग तुलू यांच्या पाच कादंबऱ्यांच्या मालिकेतली चौथी. ज्यांनी पाचवी वाचली आहे, ते या भांडणात पडत नाहीत. तिथे ती जिवंत आहे, आणि एका मुलाची आई झाली आहे.