एका बोंडात सहा दाणे

फेब्रुवारीत केडगावच्या शिवारात कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट लांबूनच ओळखू येतात. उसाच्या फडाशेजारी कमरेएवढे डेंगळे आणि त्यांवर पांढरे गोंडे. ऊन तापलं की माश्या घोंगावू लागतात. बी माशीमुळे धरतं, असं शेतकरी सांगतो आणि ते खरंच आहे. माशी उडून गेल्यावर जे सुरू होतं, ते मात्र मला त्याहून विलक्षण वाटतं.

भिंगाखाली एक फूल धरा. सहा पुंकेसर दिसतील. त्यांतल्या आतल्या तिघांचे परागकोष आधी फुटतात, बाहेरच्यांचे नंतर. तोवर मधला कुक्षीवृंत जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. फुलाचा स्वतःचा पराग झडून गेल्यावरच तो वाढून पाचेक मिलिमीटर होतो आणि त्याच्या टोकाशी कुक्षी पराग घ्यायला तयार होते. पराग दुसऱ्याच फुलाचा लागतो, तो यामुळे.

कुक्षीवर टेकलेला कण ओल शोषून फुगतो आणि त्यातून नळी फुटते. ही परागनलिका. ती बघायला सदाफुली सोपी. साखरेच्या पाण्याच्या थेंबात तिचा पराग टाकून काच मायक्रोस्कोपखाली ठेवली की थोड्याच वेळात पारदर्शक नळ्या लांबत जातात, आतला द्रव वाहताना दिसतो. मला ते बघून कधीच कंटाळा येत नाही. पण थेंबात त्या वाटेल तिकडे जातात. फुलात मात्र थेट बीजांड गाठतात. मग वाट दाखवतं कोण?

परागनलिका पहिल्यांदा दिसली ती घोळीच्या फुलात, म्हणजे आपल्या बांधावर उगवणाऱ्या भाजीतच. 1824 साली इटलीच्या आमिची यांनी ती पाहिली. वाट दाखवणारं कोण, हे कळायला पुढची पावणेदोनशे वर्षं गेली. जपानच्या हिगाशियामा यांनी टोरेनियाचं फूल निवडलं, कारण त्याचा भ्रूणकोष बीजांडाबाहेर डोकावतो. त्या कोषातल्या अंडपेशीशेजारच्या दोन सहायक पेशी लेसरने मारल्या, तर नळ्या तिकडे वळेनात. हे 2001 सालचं काम. त्या पेशी सोडत असलेली प्रथिनं 2009 मध्ये सापडली.

बीजांडाच्या बारीक छिद्रातून नळी आत शिरते आणि तिचं टोक फुटतं. दोन पुंयुग्मक बाहेर पडतात. एक अंडपेशीला मिळून भ्रूण होतो, दुसऱ्यापासून त्याला पोसणारा भ्रूणपोष.

कांद्याच्या अंडाशयात तीन कप्पे, प्रत्येकात दोन बीजांडं. एका बोंडात सहा दाणे भरायचे, तर निदान सहा कण रुजून सहा नळ्या पोचायला हव्यात. बोंड फोडून पाहिलं तर दाणे बहुतेकदा कमीच निघतात. हे कण आणते ती माशीच. म्हणून फुलोऱ्यात फुलकिड्यांसाठी फवारायची वेळ आलीच, तर ती संध्याकाळी, माश्या परतल्यावरच.