एक शेत, पाच दप्तरे

कास्तकाराचे शेत एका जागी असते. त्याविषयीचे लिखाण मात्र एका जागी नसते. शेताचा धनी कोण, हे तलाठ्याच्या दप्तरी सापडते. (या तलाठ्यांस आता ग्राम महसूल अधिकारी असे पदनाम मिळाले आहे; आमचे वडील त्यांस पटवारी म्हणत.) त्याच शेताची हद्द व नकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीत, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे, कर्जाचा हिशेब बँकेत अथवा गावच्या सेवा सहकारी सोसायटीत, आणि अनुदानाची यादी कृषी खात्याच्या संगणकात असते. या पाचांपैकी प्रत्येक दप्तर आपापल्या परी बरोबर असले, तरी ती परस्परांशी जुळत नसतील तर त्याचा भुर्दंड शेतकऱ्यासच पडतो. ही दप्तरे एकमेकांस जोडावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हे बहुतेकांस कोणी समजावून सांगत नाही. सबब महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेल्या मनुष्याने ते काम अंगावर घेतले आहे.

वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमिनीची मोजणी १८६१ पासून सुरू झाली. त्या पद्धतीचे मर्म असे की, प्रत्येक शेतास एक नंबर व त्या नंबरावर एक आकार बसविला. मालक बदलो, पीक बदलो, नंबर तोच राही. पुढे गाव नमुने ठरले, त्यांतही हाच धागा आहे. नमुना एक म्हणजे आकारबंद, नमुना सहा फेरफार, नमुना सात अधिकार अभिलेख, नमुना बारा पिकांची नोंद आणि आठ-अ खातेदाराचे एकूण क्षेत्र. सात आणि बारा एका कागदावर आले म्हणून आपण त्यास सातबारा म्हणतो. ही पुस्तके निरनिराळी असली तरी त्यांचा ताळा घेता येई. गावातील सर्व खात्यांचे क्षेत्र मिळविले की ते आकारबंदाच्या बेरजेशी जुळले पाहिजे. न जुळल्यास कोठे तरी चूक आहे, हे संगणकावाचूनही कळे.

दुसरा नियम असा की, प्रत्येक गोष्टीचे मूळ एकाच दप्तरात असावे आणि इतरांनी ती तेथून घ्यावी. क्षेत्राचे मूळ मोजणीत, कर्जाचे बँकेच्या खात्यात, पिकाचे प्रत्यक्ष शेतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिची मांडणी अशीच आहे. हक्क मिळविणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास कळवावे, असे कलम १४९ सांगते. नोंदणी अधिकाऱ्याने झालेल्या हस्तांतरणाची माहिती महसुलाकडे पाठवावी, असे कलम १५४ सांगते. मग फेरफार लिहावयाचा, संबंधितांस नोटीस द्यावयाची, हरकतीस पंधरा दिवस ठेवावयाचे आणि त्यानंतर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावयाची. प्रमाणित नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरली जाते. म्हणून हा पंधरा दिवसांचा काळ नुसता उपचार नव्हे.

कागदावर हे सर्व नीट होते. अडचण येई ती कागदाच्या चालण्याची. निबंधकाकडील सूचना तालुक्यास, तालुक्याकडून मंडळास, तेथून गावास. पावसाळ्यात ती कोठे थांबे, हे कोणास ठाऊक. भूमी अभिलेखाकडील कमी-जास्त पत्रकाचेही तेच. भावांनी आपसात वाटणी करून अंदाजाने क्षेत्र सांगितले, सातबारा फुटला, परंतु पोटहिस्स्याची मोजणी झालीच नाही, अशी उदाहरणे गावोगाव आहेत. तेथे सातबारा एक बोलतो व नकाशा दुसरे.

या चालण्याचे काम आता तारेने होते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात १ मे २०१८ पासून मिळू लागला. दस्त नोंदला की त्याची माहिती ई-फेरफार प्रणालीतून गावच्या दप्तराकडे आपोआप जाते. बोजा चढविणे वा उतरविणे आणि वारसनोंद यांचे अर्ज ई-हक्क प्रणालीतून करता येतात. हे मोठे सुख झाले, यात संशय नाही. परंतु यंत्र कागद पोचविते, तपासत नाही. आणि चूकही तितक्याच वेगाने पोचते.

याविषयी स्वतःस लाज आणणारी गोष्ट सांगतो. हस्तलिखिताच्या काळी सातबाराची पुस्तके दर दहा वर्षांनी नव्याने लिहिली जात. मी नोकरीत असता एका गावच्या अशा पुनर्लेखनात एका खात्यावरील तीन भावांची नावे उतरली आणि बहिणीचे राहिले. लिहिणारा दुसरा होता. परंतु रुजुवात घेणाऱ्यांत मी होतो. पुढे संगणकात माहिती भरली ती नव्या पुस्तकावरून. बँकेने संगणकावरून घेतली, अनुदानाची यादीही त्यावरूनच झाली. २०१७ साली चावडीवाचन झाले तेव्हा बाई सासरी. कोणी हरकत घेतली नाही. विहिरीच्या अर्जाच्या वेळी भावांच्याच ध्यानात आले. (भाऊ सज्जन, एरवी ही कथा निराळी होती.) जुना फेरफार काढला, त्यात नाव होते. लेखनप्रमादाची दुरुस्ती कलम १५५ खाली झाली आणि सातबारा नीट झाला. तरी बँकेत व यादीत जुनेच चित्र राहिले. कारण त्यांनी मुळाकडे पुन्हा पाहिले नव्हते, आपली नक्कल उराशी धरली होती. बाईस प्रत्येक दारी स्वतंत्र जावे लागले.

नक्कल ठेवावयाचीच नाही, दर वेळी मूळ दप्तरासच विचारावयाचे, हा यावरील उपाय होय. एस्टोनिया या लहान देशाने २००१ पासून ही रीत घातली आहे. तेथे प्रत्येक खाते आपले दप्तर आपल्यापाशी ठेवते. सर्व दप्तरांचा एक ढीग केलेला नाही. एका खात्यास दुसऱ्याची माहिती लागली तर ठरलेल्या सुरक्षित वाटेने ते विचारते आणि त्या विचारण्याचीही नोंद राहते.

परंतु विचारावयाचे तर कोणत्या खुणेने? नावाने विचारून भागत नाही. आपल्याकडे एकच गृहस्थ खरेदीखतात रामा, सातबारावर रामजी, सोसायटीत रामराव आणि आधार कार्डावर रोमन लिपीत चौथाच असतो. २०१७ च्या कर्जमाफीत शेतकऱ्यांचे अर्ज आणि बँकांच्या याद्या जुळता जुळेनात, त्यात याचा मोठा वाटा होता. २०१९ च्या योजनेत कर्जखात्यास आधार क्रमांक जोडून, रक्कम शेतकऱ्यासमोर ठेवून त्याची संमती घेतली, तेव्हा गोंधळ कमी झाला. जमिनीच्या नंबरासही ही बाधा आहे. जेथे एकत्रीकरण योजना झाली तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. वडिलांच्या खरेदीखतात सर्व्हे नंबर व सातबारावर गट, हे अनेकांनी पाहिले असेल. आता सातबारावर ११ अंकी भू-आधार क्रमांक छापतात आणि अ‍ॅग्रिस्टॅक योजनेत शेतकऱ्यास ओळख क्रमांक मिळतो. २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांस तो लागतो. तो काढताना आपले सर्व गट त्यास जोडले गेले की नाही, हे स्वतः पाहावे. एक गट अकोटात व दुसरा दर्यापुरात असलेल्या खातेदाराचा एखादा गट सुटणे सहज शक्य आहे.

पिकाची नोंद १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करावयाची आहे. या एका बाबतीत मूळ दप्तर आपणच आहोत. वरुड-मोर्शीकडील संत्र्याची बाग नोंदली गेली नाही तर शेत कागदोपत्री रिकामे. कापूस विकावयास नेला तर तेथेही नोंद विचारतात. मेळघाटात धारणी, चिखलदऱ्याकडे शेतात नेटवर्क नसले तरी फोटो शेतात काढून माहिती नेटवर्कच्या जागी येऊन पाठविता येते. परंतु फोनमध्ये राहिलेली नोंद दप्तरी चढली असे समजू नये.

वर्षातून एकदा, उन्हाळ्यात काम हलके असता, सातबारा, आठ-अ, खरेदीखताची सूची दोन, मोजणीचा नकाशा व बँकेचा उतारा एका चटईवर मांडून बसावे. नावे, नंबर, क्षेत्र व बोजा ही चारच गोष्टी ताडून पाहाव्या. फरक दिसल्यास प्रथम त्या गोष्टीचे मूळ कोठे आहे ते ठरवावे व तेथेच अर्ज करावा. कर्ज फिटूनही बोजा दिसत असेल तर तलाठ्याशी भांडून उपयोग नाही. त्याचे मूळ बँकेत आहे, तेथून बेबाकीचा दाखला आणावा. क्षेत्राचा फरक असेल तर भूमी अभिलेखाकडे मोजणीची फी भरावी. नावाचा असेल तर जुन्या फेरफाराची नक्कल काढून तहसीलदारांकडे जावे. दुरुस्तीचा आदेश हाती आला की त्याच्या प्रती उरलेल्या दप्तरांत देऊन प्रत्येक ठिकाणची पोच घ्यावी, आणि पुढील हंगामापूर्वी नवे उतारे काढून पाहावे.