पॉइंट शूज : वयाआधी बळ पाहावे

सुनी तारापोरवाला यांचा ‘ये बॅले’ हा चित्रपट २०२० साली आला आणि मुंबईत शिकविल्या जाणाऱ्या या पाश्चात्त्य नृत्याची ओळख अनेक घरांना झाली. बॅले शिकणाऱ्या मुलींना ओढ असते ती बोटांच्या टोकांवर उभे राहण्यासाठीच्या सॅटिनच्या ‘पॉइंट शूज’ची. ते केव्हा घालावेत, हा प्रश्न मात्र हौसेचा नसून आरोग्याचा आहे.

मारी ताग्लिओनी हिने १८३२ साली पॅरिसमध्ये ‘ला सिल्फीद’ या बॅलेतून या नृत्यप्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. तिचे बूट मऊ होते. आजच्या बुटांत कापड-कागदाचे थर चिकटवून केलेले कडक टोक आणि ताठ तळ असतो. तरीही शरीराचा भार घोटा, पोटरी, कंबर आणि पोटाच्या स्नायूंनाच पेलावा लागतो. ते दुबळे असतील तर घोटा मुरगळणे, कंडरा सुजणे, हाडाला बारीक तडा जाणे असे धोके संभवतात.

नृत्यवैद्यक क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शनानुसार बारा वर्षांपूर्वी हे बूट देऊ नयेत. मात्र बारावे वर्ष लागले म्हणजे मुलगी सज्ज झाली, असे नव्हे. आठवड्यातून किमान दोन वर्ग आणि तीन वर्षांची पक्की तालीम झाल्यावर, चौथ्या वर्षी सुरुवात करावी. घोटा अतिलवचिक असेल, तर बळ येईपर्यंत थांबावे. एका पायावर उभे राहून, धड पुढे झुकवून गुडघा पाच वेळा वाकविताना तो आत वळतो का, एका पायावरील उड्यांत तोल टिकतो का, हे शिक्षकांनी तपासावे.

कर्जत तालुक्यातील पोशीरसारख्या गावातून मुंबईला शिकायला जायचे, तर आधी रेल्वे स्थानक गाठून पुढे लोकलचा लांबचा प्रवास आला. साहजिकच आठवड्यातून एकच वर्ग जमतो. अशा मुलीला पॉइंट शूज न देणेच योग्य. मऊ बुटांतही बॅलेचा आनंद पुरेपूर मिळतो. घरच्या फरशीवर एकटीने सराव करण्यासाठी इंटरनेटवरून अंदाजाने बूट मागविणे तर टाळलेच पाहिजे. पायाचे माप जाणकाराकडूनच घ्यावे.

कथकमध्येही तत्कार पक्का झाल्याशिवाय पायांतील घुंगरांची संख्या वाढवीत नाहीत. पॉइंट शूज वर्षभर उशिरा मिळाल्याने काही बिघडत नाही. वर्षभर आधी मिळाल्याने मात्र पाऊल कायमचे दुखावू शकते.