गोळ्यांची डबी आणि थायरॉईड

आमच्या मंडळात पन्नाशी ओलांडलेल्या चारचौघी एकत्र बसल्या की एकीची तरी थायरॉईडची गोळी चालू असतेच. मीही त्यातलीच. पंधरा वर्षे रोज सकाळी 75 मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन घेत होते आणि तब्येतीची काही तक्रार नव्हती.

2022 च्या हिवाळ्यात मात्र थकवा येऊ लागला. केस गळू लागले, घरात हीटिंग चालू असूनही अंगावरची शाल सुटेना. रक्त तपासले तर टीएसएच 11! थायरॉईडचे संप्रेरक कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच वाढवते. साधारण 4 पर्यंत ते ठीक समजतात. डॉक्टरांनी डोस 88 केला, पुढे 100. आकडा फारसा हलेना. दर वेळी को-पे, शिवाय तपासणीचे बिल वेगळे.

शेवटी औषधांच्या दुकानातल्या फार्मासिस्ट बाईंनी विचारले, "या गोळीबरोबर आणखी काय घेता?" मी पर्समधली डबी काढून दाखवली. हाडे ठिसूळ होऊ लागल्याचे कळल्यापासून कॅल्शियम सुरू होते, आणि मी विसरू नये म्हणून सूनबाईने सगळ्या गोळ्या सकाळच्या खणात भरून दिल्या होत्या. घोटाळा तिथेच होता. कॅल्शियम थायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवते, रक्तात नीट जाऊ देत नाही. लोहाच्या गोळ्या आणि अँटासिडही तेच करतात. म्हणून मध्ये किमान चार तासांचे अंतर हवे.

मी कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर घेऊ लागले आणि निर्धास्त झाले. दोन महिन्यांत छातीत धडधड, हाताला कंप! आधी वाया जाणारा डोस आता पुरता अंगी लागत होता. टीएसएच 0.1 वर आले होते. थायरॉक्सिन जास्त झाले तर उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडेही झिजतात. म्हणजे हाडांसाठी घेतलेले कॅल्शियम शेवटी हाडांच्याच मुळावर आले असते! डोस पुन्हा 75 केल्यावर सारे ताळ्यावर आले. तेव्हा गोळ्यांच्या वेळा बदलल्या तर डॉक्टरांना सांगा आणि सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून घ्या.

काही औषधे थेट थायरॉईड ग्रंथीवरच परिणाम करतात. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिल्या जाणाऱ्या अमिओडॅरोनच्या 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडीन असते. आपली रोजची गरज जेमतेम 150 मायक्रोग्रॅम! त्यामुळे ग्रंथी मंदावू शकते किंवा भडकूही शकते. मानसिक आजारावरचे लिथियम ग्रंथीतून संप्रेरक बाहेर पडू देत नाही. ही औषधे चालू असतील तर थायरॉईडची तपासणी नियमित हवी. पण भीतीपोटी ती आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

केसांसाठी घेतात ते बायोटिन आणखी निराळे. ते ग्रंथीला काही करत नाही, पण रक्ताचा रिपोर्ट चुकवू शकते. अमेरिकेच्या एफडीएने 2017 मध्ये तसा इशारा दिला होता. तपासणीपूर्वी निदान दोन दिवस ते थांबवावे. डोस मोठा असेल तर किती दिवस, ते डॉक्टरांना विचारावे.

थायरॉक्सिन उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावे. चहा-कॉफी आणि नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. सकाळच्या चहाची तलफ आवरणे मलाही जड गेले, पण सवय होते.

आणि एक करा. घरातल्या सगळ्या गोळ्यांची यादी लिहून पर्समध्ये ठेवा. भारतातून आणलेल्या गोळ्या, चूर्णे आणि व्हिटॅमिनेही त्यात लिहा. "हे काय, साधे कॅल्शियम तर आहे," म्हणून मी ते डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. तुम्ही सांगा.