मसाई माराला निघण्यापूर्वी: सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रातल्या टूर कंपन्यांच्या पत्रकांत केनिया आणि टांझानिया आता नेहमीचे झाले आहेत. ही सहल महागडी असते, बहुतेकांसाठी आयुष्यात एकदाच होणारी असते. तरीही तयारी बऱ्याचदा ऐकीव माहितीवर होते. त्यातले काही गैरसमज खिशाला चाट लावतात, काही प्रकृतीवर बेततात आणि एक तर थेट जंगलातल्या प्राण्यांना भोवतो.

गैरसमज १: महास्थलांतर फक्त जुलै-ऑगस्टमध्ये होतं.
वस्तुस्थिती: ते वर्षभर चालूच असतं. सुमारे तेरा लाख वाइल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबतचे झेब्रे व गॅझेल पावसामागून उगवणाऱ्या गवताच्या शोधात सतत फिरत असतात. जानेवारी ते मार्च हे कळप टांझानियातल्या सेरेंगेटीच्या दक्षिणेला, एन्डुटूच्या माळावर असतात. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची, त्यामुळे आखूड गवतही खनिजांनी समृद्ध असतं आणि दुभत्या माद्यांना ते मानवतं. बहुतेक पिल्लं फेब्रुवारीच्या आसपास दोन-तीन आठवड्यांतच जन्मतात. मग कळप पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे सरकतात. मारा नदी ओलांडण्याचा काळ साधारण जुलैअखेर ते ऑक्टोबर. पण नदीचं वेळापत्रक कुणाच्याच हातात नसतं. काठावर तासन्‌तास उभा राहिलेला कळप कधी कधी पाण्यात न उतरताच माघारी फिरतो. त्यामुळे ‘अमुक तारखेला क्रॉसिंग नक्की दाखवू’ असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. सिंह, हत्ती, जिराफ मात्र मारामध्ये बाराही महिने असतात.

गैरसमज २: आफ्रिका म्हणजे उकाडा, गरम कपडे कशाला?
वस्तुस्थिती: नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर आहे, तर टांझानियातल्या गोरोंगोरो विवराची कडा २,३०० मीटरच्या आसपास. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जुलै हा थंडीचा महिना. सफारी पहाटे निघते, जीपचं छत उघडं असतं आणि वारा अंगाला झोंबतो. जाकीट, कानटोपी हवीच. कपडे खाकी किंवा मातकट रंगाचे घ्या. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे त्सेत्से माश्या ओढल्या जातात आणि त्यांचा चावा चांगलाच दुखतो. नैरोबीहून छोट्या विमानाने माराला जाणार असाल, तर सामान साधारण १५ किलोच्या आत आणि मऊ बॅगेत हवं; कडक सूटकेस तिथे चालत नाही.

गैरसमज ३: केनियाला व्हिसा लागत नाही, म्हणजे कागदपत्रांची कटकटच नाही.
वस्तुस्थिती: केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद केला, पण त्याऐवजी ई-टीए ही ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. खरी अडचण परतीच्या वेळी येते. केनियाहून येणाऱ्याकडे यलो फीव्हर म्हणजे पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र भारत मागतो. ते नसेल, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि प्रमाणपत्र लशीनंतर दहा दिवसांनी वैध होतं. मग ते आयुष्यभर चालतं. साठी ओलांडलेल्यांनी आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. म्हणून हे काम तिकिटाच्या सोबतच हाती घ्या.

गैरसमज ४: मलेरिया आपल्याकडेही असतो, आपल्याला काही होत नाही.
वस्तुस्थिती: भारतात राहिल्यामुळे तिथल्या मलेरियापासून संरक्षण मिळत नाही. पूर्व आफ्रिकेत प्रामुख्याने फाल्सिपेरम हा घातक प्रकार आढळतो आणि जुन्या क्लोरोक्विनवर भरवसा ठेवता येत नाही. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या घ्यायच्या ते डॉक्टरच ठरवतील. त्या जाण्यापूर्वी सुरू कराव्या लागतात आणि परतल्यावरही ठरल्या मुदतीपर्यंत घ्याव्या लागतात. घरी पोहोचल्यावर बंद करू नका. संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. परतल्यावर काही आठवड्यांनी ताप आला, तरी आफ्रिकेला जाऊन आल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गैरसमज ५: शाकाहारी माणसाची उपासमार होते.
वस्तुस्थिती: केनियात भारतीय वंशाचे लोक कित्येक पिढ्यांपासून राहतात. २०१७ मध्ये सरकारने त्यांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. चपाती तिथल्या घराघरांत होते. मक्याच्या पिठाचा उगाली, सुकुमा विकी ही पालेभाजी, मका आणि घेवड्याचं गिथेरी हे रोजचे पदार्थ शाकाहारीच असतात. भाजीत मांस नाही ना, एवढं विचारून घ्या. जैन जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच कळवा. खाऊ नेताना मात्र प्लास्टिकच्या कॅरीबॅगा घरीच ठेवा. केनियात २०१७ पासून, तर टांझानियात २०१९ पासून त्यांच्यावर बंदी आहे.

गैरसमज ६: जितकं जवळ जाऊ तितकी सफारी चांगली आणि ‘बिग फाइव्ह’ दिसले की पैसे वसूल.
वस्तुस्थिती: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस ही यादी शिकाऱ्यांनी केली होती, पायी शिकार करायला सर्वांत धोक्याचे ते हे प्राणी. आज ती यादी पुरी करण्याच्या नादात एका प्राण्याभोवती गाड्यांचा गराडा पडतो. याची सर्वांत मोठी किंमत चित्ता मोजतो, कारण तो दिवसा शिकार करतो आणि गाड्यांच्या गर्दीत त्याची शिकार हुकते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मारामधल्या एका अभ्यासात दिसलं, की पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात चित्त्याच्या माद्या सरासरी एकही पिल्लू वाढवू शकत नव्हत्या. वर्दळ कमी होती तिथे दोनहून अधिक पिल्लं जगत होती.

एका प्राण्याजवळ पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, वाट सोडायची नाही, असे नियम मारामध्ये आहेत. तरी ते मोडले जातात, कारण प्रवासी आग्रह धरतात आणि चालकाला बक्षिसीची काळजी असते. ‘जरा पुढे घे ना’ हा हट्ट आपणच थांबवू शकतो. पहिल्याच सकाळी चालकाला सांगा: आम्हाला घाई नाही, गर्दी असेल तिथे लांब थांबू, नियम मोडू नकोस, बक्षिसी कमी होणार नाही. एवढं ऐकलं की चालकावरचा ताण उतरतो. मग तो वाळवीच्या वारुळावरचं मुंगसांचं कुटुंब दाखवतो, हत्तिणीचं वागणं समजावून सांगतो आणि चित्त्याला शिकारीसाठी मोकळं रान मिळतं. या सहलीसाठी आपण एवढे पैसे मोजतो, ते प्राणी तिथे टिकून आहेत म्हणून. त्यांना जगू देणं हा सफारीचा पहिला नियम आहे आणि तो पाळणं प्रत्येक प्रवाशाच्या हातात आहे.