अंबरची लेक

मराठवाड्यात मलिक अंबरचे नाव काढले की नहरीचा विषय निघतो. डोंगरातले पाणी भूमिगत नळांतून खडकीत आणणारा, जमिनीची मोजणी करून सारा ठरवणारा, मोगलांना गनिमी काव्याने पंचवीस वर्षे झुलवणारा हा हबशी वजीर आपल्या शाळेच्या पुस्तकातही भेटतो. त्याच्या घरातल्या बायका मात्र भेटत नाहीत. त्यांच्याविषयी जे थोडके कळते, ते एका भांडणामुळे.

हे भांडण इ.स. 1610 मधले. निजामशाहीचा सुलतान दुसरा मुर्तजा याच्या जनान्यात दोन राण्या होत्या. थोरली इराणी वंशाची, गोरी. धाकटी अंबरची मुलगी. थोरलीने एके दिवशी धाकटीला काळी गुलाम म्हणून हिणवले, ती सुलतानाची नुसती रखेल आहे असे म्हटले आणि तिच्या बापालाही बंडखोर ठरवले. मुलीने ही गोष्ट निरोप्याकरवी बापाला कळवली. त्यानंतर थोड्याच काळात सुलतान आणि थोरली राणी, दोघांनाही विष घालण्यात आले आणि सुलतानाचा पाच वर्षांचा मुलगा गादीवर बसला. पीटर व्हान डेन ब्रुक या डच व्यापाऱ्याने हा वृत्तांत लिहून ठेवला. तो 1617 मध्ये अंबरला प्रत्यक्ष भेटला होता. रिचर्ड ईटन यांनी दख्खनच्या सामाजिक इतिहासावरील आपल्या ग्रंथात या वृत्तांताचा उपयोग केला आहे.

व्यापारी दरबारातल्या कुजबुजी गोळा करणारच, त्यामुळे विषाच्या कथेत तिखटमीठ किती, हा प्रश्न रास्त आहे. सुलतान आणि वजीर यांचे आधीपासून बिनसलेले होते, आणि अंबरसारखा धूर्त माणूस केवळ लेकीच्या अपमानासाठी राज्य उलथवील, हे मला पटत नाही. पण शिवी कोणती दिली असे लोक सांगत होते, हे महत्त्वाचे आहे. तख्तावर कोण बसेल हे ज्याच्या शब्दावर ठरत होते, त्याच्या लेकीलाही दोनच गोष्टींवरून बोलता येत होते: कातडीचा रंग आणि बापाची गुलामी. डच वृत्तांतात ती ‘अंबरची मुलगी’ एवढीच आहे. नंतरच्या लेखनात शहीर बानो हे नाव येते.

या शिवीमागे काय होते? अंबरचा जन्म 1548 च्या सुमारास इथिओपियातला. मूळ नाव चापू. मोखाच्या बाजारात विकला गेलेला हा मुलगा बगदादमार्गे 1570 नंतरच्या काही वर्षांत दख्खनला आला. त्याला विकत घेणारा चंगेजखान हा निजामशाहीचा पेशवा. तो स्वतःही एके काळी गुलामच होता. दख्खनच्या दरबारांना हबशी पोरे हवी असत ती लढाईसाठी. परमुलखातला, आईबाप, भाऊबंद, गोत काहीच नसलेला शिपाई धन्याशीच इमान राखील, हा त्यामागचा हिशेब. घरदार तुटलेले असणे हीच त्याची किंमत. धनी वारला की असे गुलाम बहुधा मोकळे होत आणि स्वतःचे नशीब काढत. 1574-75 च्या सुमारास चंगेजखान वारला. अंबरला मुक्त करणारी व्यक्ती म्हणजे त्या पेशव्याची विधवा. दख्खनच्या इतिहासाला वळण देणारा हा निर्णय एका बाईने घेतला, आणि तिच्याविषयी इतिहासात याहून अधिक ओळ नाही.

मुक्त झाल्यावर अंबरने लग्न केले. बीबी करीमा ही त्याची पत्नी. खुलताबादला अंबरच्या कबरीजवळच तिचीही कबर आहे. गोत नसलेल्या माणसाने गोत उभे केले ते असे: बायको, मुले आणि मग लेकीची सोयरीक. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर अंबरने निजामशाही वंशातला एक तरुण शोधून काढला, त्याला आपली मुलगी दिली आणि परांड्याला त्याचा राज्याभिषेक केला. म्हणजे ती मुलगी ही त्या उभारणीची चौकटच होती. दहा वर्षांनी जनान्यात जो घाव बसला तो नेमका या चौकटीवर.

काळ्या रंगाची हेटाळणी एका राणीपुरती नव्हती. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात अंबरचा उल्लेख येताच त्याच्या काळेपणावरून त्याला शिव्याशाप देतो. अबुल हसन या चित्रकाराने 1616 च्या सुमारास काढलेल्या चित्रात बादशहा अंबरच्या भाल्यावर लावलेल्या मुंडक्याला बाण मारताना दिसतो. हे चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात ते मुंडके जहांगीराला कधी मिळाले नाही. अंबर 1626 मध्ये वृद्धापकाळाने वारला. आपल्या बोलण्यातही ‘हबशी’ हा शब्द आता वर्ण दाखवण्यापुरता उरला आहे, आणि मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात तो अजून कुजबुजला जातो.

अमेरिकेतल्या काळ्या लेखिकांपुढे अशीच पोकळी होती. टोनी मॉरिसन यांना मार्गारेट गार्नर या गुलाम स्त्रीची 1856 मधली बातमी सापडली. पकडले जाताना, मुलीला पुन्हा गुलामीत जाऊ द्यायचे नाही म्हणून तिने तिला स्वतःच्या हाताने मारले होते. वर्तमानपत्रांना त्या आईच्या गुन्ह्यात रस होता, मॉरिसन यांना तिच्या आणि मुलीच्या नात्यात. त्यातून 1987 मध्ये ‘बिलव्हेड’ ही कादंबरी आली. अ‍ॅलिस वॉकर 1973 मध्ये फ्लोरिडात झोरा नील हर्स्टन यांची नाव नसलेली कबर शोधत गेल्या आणि तिच्यावर त्यांनी दगड बसवला. वंशावळ हरवली की लेखिका आईची, आजीची, पूर्वसुरींची जागा स्वतः शोधते.

मराठीला या साहित्याची ओळख मराठवाड्यातूनही झाली. लातूरच्या डॉ. जनार्दन वाघमारे यांचा ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ 1978 मध्ये आला. त्याआधी 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली होती, आणि दलित पँथरने 1972 मध्ये नावच तिकडून घेतले. बेबीताई कांबळे, उर्मिला पवार यांची आत्मकथने वाचताना तुलना सहज होते. पण या सगळ्यात एक गंमत झाली. काळी स्त्री आपल्याला समुद्रापलीकडची वाटली. खुलताबादच्या कबरीतली बीबी करीमा कुणाच्या लक्षात आली नाही.

दख्खनच्या दरबारातले हबशी दोन-तीन पिढ्यांत इथल्या मुसलमान समाजात मिसळून गेले. बहुतेक पुरुषच आणले गेले होते, त्यांनी इथल्याच बायका केल्या, आणि वेगळी ओळख विरत गेली. कोकणात जंजिऱ्याच्या सिद्दींचे राज्य 1948 पर्यंत टिकले, पण ती सत्ताधाऱ्यांची गोष्ट. सामान्य सिद्दी बायकांचा वारसा पाहायचा तर सीमेपलीकडे उत्तर कन्नडात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात जावे लागते. यातल्या पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले आणि तिथून घाटावर पळून आलेले गुलाम. कुणी हिंदू, कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान. घरची भाषा मात्र कोकणीच्या वळणाची, तिच्यात मराठी आणि कन्नडही. 2003 मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

या बायका ‘कवंदी’ शिवतात. जुन्या लुगड्यांचे, सदऱ्यांचे तुकडे कडेपासून सुरू करून आत आत, मधल्या बिंदूकडे टाक्यांनी बसवत जातात. चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांची ‘फुलां’ लावतात. ती नसतील तर कवंदी उघडी राहिली, असे मानतात. हेन्री ड्रूअल या अमेरिकन अभ्यासकाने या कवंद्यांचा अभ्यास करून त्या जगापुढे आणल्या. माझ्या टेंभुर्णीत जाफराबाद तालुक्यातल्या बायका उन्हाळ्यात ओट्यावर वाकळ पसरून बसतात. तिथेही कापड जुनेच, आणि कुठले ठिगळ कुणाच्या लुगड्याचे हे शिवणारीला ठाऊक असते. आफ्रिकेतून काय आले आणि दख्खनमध्ये काय मिळाले हे कवंदीत निवडून काढणे कठीण आहे, आणि तसा हट्टही धरू नये.

अ‍ॅलिस वॉकर यांची 1973 मधली एक कथा आहे, ‘एव्हरीडे यूज’. आजीच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या कुणाला द्यायच्या यावरून दोन बहिणींत पेच पडतो. शिकून आलेलीला त्या वारसा म्हणून भिंतीवर लावायच्या आहेत. घरी राहिलेली त्या रोज पांघरणार आणि फाटल्या तर नव्या शिवणार, कारण तिला शिवता येतात. आई त्या घरी राहिलेलीला देते. कवंद्या आता प्रदर्शनांत टांगल्या जातात, चांगल्या किमतीला विकल्याही जातात, आणि त्या पैशाची हल्याळच्या बाईला गरज आहे. तरीही नातू झाला की ती पहिली छोटी कवंदी त्याच्यासाठी शिवते, आणि तिच्या कोपऱ्यांवर फुलां लावायला विसरत नाही.